निरोगी जोडीदार

वैजयंतीच्या वर्षश्राद्धाला खीर करपली, आणि ती करपत असताना घोलप सर पातेल्याजवळच उभे होते.

करपल्याचा वास बाहेरच्या खोलीत बसलेल्या भटजींपर्यंत गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून डोकावून विचारलं. सरांच्या नाकाला मात्र त्याची खबर नव्हती. उज्ज्वला धावत आली, तिने शेगडी बंद केली आणि पातेलं खाली उतरवलं.

"भाऊजी, अहो हातभर अंतरावर उभे आहात! वास नाही आला?"

"कसला?" सर म्हणाले.

उज्ज्वला म्हणजे वैजयंतीची धाकटी बहीण. निपाणीला दिलेली. बहिणीच्या आजारपणात दर महिन्याला कराडला येऊन राहिलेली. कालथा हातात धरून ती सरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"माझ्यावर रागावलाय का?"

"नाही गं. का?"

"काल आले तेव्हापासून बघतेय. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. दारात मला बघून हसलासुद्धा नाहीत."

"हसलो की."

"नाही हसलात, भाऊजी." तिचा आवाज एकदम खाली आला. "ताईचं सुरुवातीला असंच झालं होतं. आम्हाला वाटायचं चिडलीय."

सरांनी विषय उडवून लावला. वर्षश्राद्धाच्या दिवशी कोण दात काढून हसतं, म्हणाले. पण उज्ज्वला ऐकणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने त्यांना आरोग्य केंद्रात नेऊन पट्टीवर उभं केलं.

पट्टी आता गावोगाव झाली आहे. आरोग्य केंद्राच्या बोळात जमिनीवर एक निळा पट्टा, समोरच्या भिंतीत कॅमेरा, आणि पंचावन्न ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा त्यावरून चालून जायचं. कॅमेऱ्यामागे एक मशीन बसलेलं असतं आणि ते चालीवरून पार्किन्सन ओळखतं. या आजाराची खोड अशी, की हात थरथरायला लागेपर्यंत मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी निम्म्याहून अधिक मेलेल्या असतात. पण त्याआधी कितीतरी वर्षं तो बारीकसारीक चुगल्या करत असतो. वास जातो, चेहरा गोठतो, अक्षर बारीक होतं, आणि चालताना एका बाजूचा हात हलेनासा होतो. माणसाच्या डोळ्याला हे दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. मशीनला लवकर दिसतं. आणि लवकर दिसण्याला आता अर्थही आला होता, कारण पेशींची ही पडझड रोखून धरणारं औषध निघालं होतं. ते सुरुवातीलाच लागू पडायचं, आणि सरकारी खर्चाने द्यायचं ते मशीनच्या निकालावरच.

सर चालून आले. पडद्यावर हिरवा दिवा लागला. निरोगी.

"सर, तुम्ही कसे नापास व्हाल?" तिथली नर्स हसून म्हणाली. "मशीन शिकलंय ते तुमच्यावरच ना!"

ती म्हणत होती ते खरं होतं. अख्ख्या कराडला त्याचा अभिमान होता. अशा मशीनला कुणी नियम शिकवत नाही. त्याच्यापुढे असंख्य रुग्ण चालून दाखवतात, असंख्य धडधाकट माणसं चालून दाखवतात. प्रत्येकाच्या गळ्यात जणू पाटी असते, हा आजारी, हा निरोगी. मग दोघांत फरक कशात, हे मशीन आपलं आपण हुडकून काढतं. पाटी खरी की खोटी, हे मात्र ते कधी विचारत नाही. मास्तरांनी सांगितलं ते प्रमाण.

आता रुग्ण मिळतात, पण निरोगी माणसं कुठून आणायची? संशोधकांनी सोपी युक्ती काढली. रुग्णाचा नवरा किंवा बायको घ्या. वय जवळपास तेच, घर तेच, ताटातलं जेवणही तेच. अशा रीतीने अभ्यासात नोंद झाली होती, वैजयंती घोलप, रुग्ण, आणि श्रीरंग घोलप, निरोगी जोडीदार. "चला, सरकारदरबारी कुणीतरी माझ्या नवऱ्याला चांगलं म्हटलं," असं वैजयंती त्या वेळी म्हणाली होती. नऊ वर्षं दर रविवारी सकाळी दोघं आपल्या घरातल्या बोळात कॅमेऱ्यापुढे चालली. आधी ती, मग ते. ती गेली तेव्हा केंद्राची माणसं येऊन कॅमेरा काढून घेऊन गेली. भिंतीवर चार भोकं राहिली.

"झालं समाधान?" केंद्राबाहेर आल्यावर सर म्हणाले.

"नाही," उज्ज्वला म्हणाली. "त्या मशीनला काय, ते कधी ताईला भरवायला बसलं होतं का?"

निपाणीला परत जाण्याआधी तिने मिरजेला डॉक्टर निलोफर मुल्लांना फोन लावला. हा सगळा अभ्यास त्यांच्याच देखरेखीखाली चालला होता.

*

डॉक्टर मुल्लांनी सरांना समोर बसवलं आणि मशीनबिशीन बाजूला ठेवून जुन्या पद्धतीने तपासलं. अंगठा आणि तर्जनी भराभर आपटायला लावली. उजव्या हाताने ठीक केलं. डावीकडे बोटं उघडायची ती कमी कमी होत गेली. डावं मनगट हातात धरून त्यांनी हलकेच फिरवलं. ते अडकत अडकत फिरलं.

"सर, मला हा पार्किन्सन वाटतो," त्या म्हणाल्या. "अगदी सुरुवातीचा. औषध लागू पडेल असा."

"आणि तुमचं मशीन?"

"त्याचं आणि माझं आज पटत नाहीये." त्या कसंनुसं हसल्या. "अडचण एवढीच, की औषध त्याच्या सहीवर मिळतं. माझ्या नाही."

त्यांनी सरांना पुन्हा चालायला लावलं. हिरवा दिवा. बूट काढून, हिरवा. जिना चढून आल्यावर, हिरवा. सरांना मनातून गंमत वाटली. अख्खी नोकरी शाळेत परेड घेण्यात गेली, "हात खांद्यापर्यंत!" म्हणून पोरांवर ओरडण्यात गेली, आणि आता हात हलत नसताना त्यांना पहिला नंबर मिळत होता. गंमत वाटली, पण ती चेहऱ्यावर उमटली नसावी, कारण डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नका."

"घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"मी असतो," सर म्हणाले.

*

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी त्यांना पुन्हा बोलावलं आणि पडद्यापुढे बसवलं.

पडद्यावर माणूस नव्हता. चेहरे साठवायचे नाहीत असा नियम असल्यामुळे मशीन फक्त सांधे ठेवायचं. खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, घोटे, सगळे प्रकाशाचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. मोजायचा माणूस सोडून चौकटीत दुसरं कुणी आलं तर ते पुसलं जायचं.

"हे तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "अभ्यासाचं दुसरं वर्ष."

ठिपक्यांचा माणूस सावकाश चालत होता. उजवा हात मागेपुढे होत होता. डावा अंगापासून थोडा दूर, कोपरात किंचित वाकलेला, तसाच स्थिर.

"आता मनगट बघा." त्यांनी चित्र मोठं केलं. डाव्या मनगटाचा ठिपका थरथरत होता. बारीक, एकसारखा. "हा पार्किन्सनचाच कंप आहे, सर. पण तेव्हा तुम्ही ठणठणीत होतात, मी स्वतः तपासलं होतं. खुर्चीत बसलेल्या नोंदींत हा कंप नाही. फक्त चालताना. माझी तर मतीच गुंग झाली. मग मी मशीनने बाद केलेल्या नोंदी उकरून काढल्या."

दुसरं चित्र आलं. तोच बोळ, तेच ठिपके, पण हा गडी वेगळाच. दोन्ही हात खांद्यापर्यंत, ताठ मान, झपझप पावलं. थेट पंधरा ऑगस्टची परेड.

"एका पावसाळ्यातल्या चार-पाच रविवारच्या आहेत. तुमच्या नेहमीच्या चालीशी जुळत नाहीत म्हणून मशीनने फेकून दिल्या. तेव्हा काही वेगळं होतं का?"

"वैजूचं मांडीचं हाड मोडलं होतं," सर म्हणाले. "ती दवाखान्यात होती. मी घरी एकटाच चाललो. ते यंत्र सारखं म्हणायचं, पुन्हा चाला, पुन्हा चाला."

हे बोलता बोलताच सर थांबले. त्यांनी पहिलं चित्र परत लावायला सांगितलं, आणि खुर्ची पुढे ओढून त्या थरथरत्या ठिपक्याकडे बघत बसले.

"डॉक्टर, हा कंप माझा नाही," ते म्हणाले. "तिचा आहे."

मग त्यांनी सांगितलं. रविवारी वैजयंतीचं चालून झालं की ती खुर्चीत बसायची, आणि सरांची पाळी आली की उठून उभी राहायची. एकटं बसायला तिला आवडायचं नाही. लग्नात भटजींनी दाखवून दिलेली बायकोची जागा डावीकडची, म्हणून ती डावीकडे यायची आणि आपला थरथरता उजवा हात त्यांच्या हातात द्यायची. पूजेत भटजी नवराबायकोला सांगतात ना, तशी म्हणायची, "हाताला हात लावला. म्हणा मम." सर म्हणायचे, "मम." मग दोघं चालायची. यंत्र सांगायचं, हात मोकळे सोडा. पण दुसरा माणूस पुसला जातो हे त्यांना माहिती होतं. जे दिसणारच नाही त्यात लबाडी ती कसली, असं दोघांना वाटलं.

डॉक्टरांनी चित्र तिथेच थांबवलं.

"मशीनने तिला पुसलं," त्या म्हणाल्या. "पण तुमचा धरलेला हात ठेवला. आणि मी त्याच्या गळ्यात निरोगी म्हणून पाटी अडकवली. सर, असं करणारे तुम्ही एकटे नाहीत. तुमच्या नोंदीतला कंप दिसल्यावर मी इतरांच्याही नोंदी शोधल्या, तर घरोघरी मातीच्या चुली. कितीतरी नवरे असेच चाललेत. सावकाश, डावा हात स्थिर. म्हणजे आजाराचं जे पहिलं लक्षण, तेच आम्ही मशीनला तब्येतीची खूण म्हणून घोकून घ्यायला लावलं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ज्या माणसांच्या उजेडात मशीन बघायला शिकलं, तीच त्याला दिसेनाशी झाली होती.

"आता?"

"या नोंदी काढायच्या आणि मशीनला नव्याने शिकवायचं. तुमच्या औषधाची सुरुवातही त्यातूनच होईल. जोवर तुमची नऊ वर्षं निरोगी म्हणून आत आहेत, तोवर ते तुम्हाला आजारी म्हणणार नाही. पण प्रत्येकाची परवानगी लागते. आणि एकदा काढल्या की कायद्याने त्या कायमच्या पुसाव्या लागतात."

"एखादी मला मिळेल?"

"नाही, सर. चालीवरून माणूस ओळखता येतो, म्हणून नोंद इथून बाहेर जाऊ देत नाहीत. याआधीही मी कुणाकुणासाठी विचारून बघितलंय." त्या खाली बघत म्हणाल्या. "दोनदा विचारलं."

सरांनी परवानगी दिली नाही. विचार करून सांगतो म्हणाले आणि कराडची गाडी धरली.

*

घरी वैजयंतीचे फोटो भरपूर होते. फोनमध्ये तिचा आवाजही होता, वाण्याची यादी सांगणारा. पण फोटोत ती थरथरत नाही. सरांनी नऊ वर्षं तळहातात जी धरली होती, ती बाई एकाही फोटोत नव्हती. ती फक्त मिरजेच्या त्या ठिपक्यात होती, आणि तिला पुसायला त्यांची परवानगी मागत होते.

औषध मिळालं नाही तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटची दोन वर्षं वैजयंतीला कुशीवर तेच वळवत असत. तिला भरवायला ते होते. त्यांना कोण भरवणार, हा प्रश्न जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसायचा. मूलबाळ नव्हतं. उज्ज्वलाला तिचा संसार होता. ती फोन करायची तेव्हा सर म्हणायचे, "ठीक आहे गं," आणि ती म्हणायची, "मोठ्याने बोला, ऐकू येत नाही." सरांना वाटायचं आपण मोठ्यानेच बोलतोय. ज्या आवाजाने मैदानाच्या टोकाची पोरं ताठ व्हायची, तो आता दारातल्या दूधवाल्यापर्यंत पोचत नव्हता. आणि हे त्यांना सांगणारंही घरात कुणी नव्हतं. एकट्या माणसाचं हेच दुखणं, स्वतःचं म्हातारपण त्याला इतरांकडून कळतं आणि इतर तर नसतातच.

एका सकाळी ते शाळेच्या मैदानाच्या कट्ट्यावर बसले होते. समोरून माळी सर आले. हे चित्रकलेचे मास्तर, सरांच्याच शाळेतून निवृत्त झालेले. लांबूनच उजवा हात वर करून ओरडले, "घोलप, पट्टी पास! एकदम हिरवा!"

"वा," सर म्हणाले.

"बायकोने डोकं खाल्लं होतं. म्हणे तुमची सही मुंगीएवढी झाली, फुलांचा वास येत नाही, दाखवा कुणाला तरी. दाखवलं. मशीन म्हणतंय ठणठणीत. आता बोल म्हटलं!"

माळी सर हसत पुढे निघाले. घोलप सर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. उजवा हात झोकात पुढेमागे होत होता. डावा खांद्याला नुसता अडकवल्यासारखा लोंबत होता. माळींच्या डावीकडे कुणीही नव्हतं.

हा हिरवा दिवा आपण दिलाय, सरांना वाटलं. आपण आणि वैजूने, बोळात, हसत हसत.

"माळी!" त्यांनी हाक मारली. आवाज पोचला नाही. मग ते उठले आणि जमेल तितक्या भराभर मागे गेले. माळींचा खांदा धरून म्हणाले, "बायकोचं ऐक. हिरवा दिवा खोटा आहे. मी सांगेन तेव्हा पुन्हा चालून ये."

"तुला काय रे माहीत?"

"मलाच माहीत आहे," सर म्हणाले. तिथेच उभं राहून त्यांनी मिरजेला फोन लावला.

*

पुसण्याआधी डॉक्टर मुल्लांनी विचारलं, "कुठली बघायची?"

"शेवटच्या रविवारची."

ठिपक्यांचा माणूस आला. फार हळू. बोळाच्या मध्यावर येऊन तो थांबला. नुसता उभा राहिला. डावा हात तसाच थोडा बाहेर, आणि मनगटाचा ठिपका थरथरतोय, थरथरतोय.

"इथे तुम्ही का थांबलात? मशीनलाही हे कधी उलगडलं नाही."

"तिचा पाय उचलत नव्हता," सर म्हणाले. "जमिनीला चिकटल्यासारखा व्हायचा. मी म्हटलं, असू दे, आपल्याला कुठे जायचंय."

पडद्यावरचा माणूस पुष्कळ वेळ थांबला. मग तो एक पाऊल पुढे आला, मग आणखी एक, आणि चौकटीबाहेर गेला. सर रडले. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि त्यांना रडू दिलं.

"पुसा," थोड्या वेळाने ते म्हणाले.

इतर घरांचीही परवानगी मिळत गेली. मशीनला जुनं विसरून नव्याने शिकायला अख्खा हिवाळा लागला. मग एके दिवशी सर मिरजेच्या पट्टीवर उभे राहिले. यंत्राने नाव विचारलं, वय विचारलं, आणि नोंदीसाठी निरोगी जोडीदाराचं नाव विचारलं.

"रिकामं ठेवू या," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"ठेवा," सर म्हणाले.

"हात मोकळे सोडून चाला," यंत्र म्हणालं.

सर चालले. लाल दिवा लागला. आजारी ठरल्याचा कुणाला आनंद होत नाही, पण डॉक्टरांनी डोळे पुसले आणि औषधाच्या कागदावर मशीनच्या सहीखाली आपलीही सही ठोकून दिली. पुढच्याच आठवड्यात कराडला माळी सरांनाही लाल दिवा लागला. माळीवहिनींनी घोलप सरांच्या घरी डबा पाठवला. त्यांना त्यातली चव फारशी कळली नाही, पण त्यांनी तो सगळा खाल्ला.

औषध सुरू होऊन महिना झाला होता. आजार आता रांगत येईल, धावत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. रविवारची सकाळ होती. सवयीने सर बोळाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. समोर भिंतीवर ती चार भोकं. ते चालायला लागले, आणि मध्यावर आले तेव्हा डाव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली.

बारीक, एकसारखी. सर जागीच थांबले. हा कंप त्यांना अनोळखी नव्हता. नऊ वर्षं तो त्यांच्या याच तळहातात होता, फक्त बाहेरून. ते हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात आणून डाव्या हातावर ठेवला, जसा ती ठेवायची तसा.

"हाताला हात लावला," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की घरात कुणी असतं तरी ऐकू गेला नसता. "म्हणा मम."

थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग 'मम' त्यांनीच म्हटलं, आणि सावकाश, तिच्या चालीने, बोळाच्या टोकापर्यंत गेले.